उमरेड रस्त्यावर मिसिंग करणाऱ्या गाडीची व्यवस्था

मी, लतिका शरच्चंद्र पिंपळखुटे, वय ६१, सेवानिवृत्त विज्ञान शिक्षिका, अविवाहित, राहणार रामनगर, नागपूर, हे माझे पहिले व शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. येत्या सोमवारी माझ्यावर शस्त्रक्रिया व्हायची आहे. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काहीच कारण नाही." त्याच संध्याकाळी मी कागद आणले. हे लिहिण्यामागे कोणाचा दाब नाही, फूस नाही. आग्रह माझा थोरला भाऊ कृष्णकांत करतो, पण तो बरोबर याच्या उलट करण्याचा.

कलम १. माझी १९४९ सालची विलायती बनावटीची काळी मोटार, किल्ली, स्टेपनी व जॅकसह, माझ्या पश्चात माझी वहिनी सौ. सुभद्रा कृष्णकांत पिंपळखुटे हिच्या एकटीच्या मालकीची होईल. 'एकटीच्या' हा शब्द दोनदा लिहा असे वकील म्हणाले, म्हणून पुन्हा: एकटीच्या. दादाने गाडीत बसण्यास हरकत नाही. मागच्या सीटवर बसावे.

वहिनीलाच का, हे लिहिणे भाग आहे. नाहीतर बहिणीचे डोके फिरले होते असे दादा कोर्टात सांगेल.

आमचे वडील १९६६ साली वारले. दादाने धंतोलीचे घर ठेवले आणि मला गाडी दिली. गाडी तेव्हा मिसिंग करत होती, म्हणजे चारांपैकी एक सिलिंडर मध्येच काम सोडायचे आणि गाडी उचकी लागल्यासारखी धक्के देत चालायची. थंड असताना ठीक. दहा-बारा मैल गेल्यावर सुरुवात. मेकॅनिककडे नेली की शहाण्या मुलासारखी चाले. दादाचे निदान ठरलेले होते: "पेट्रोलमध्ये कचरा." तो दरवेळी कार्बोरेटर साफ करी, प्लग नवे टाकी आणि वायरही बदली, सगळे एकाच दिवशी. त्यामुळे एखाद्या वेळी गाडी सुधारली तरी कशामुळे, हे त्यालाही कळत नसे.

वहिनीचे माहेर उमरेडचे. १९६८च्या पौषात तिची आई अंजनाबाई अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला. दादा म्हणाला, "रविवारी बघू." तो रविवार गेला. पुढचाही गेला. त्याने वहिनीला बसने एकटी जाऊ दिले नाही, कारण एकट्या बाईने बसने जाणे त्याला बरे दिसत नव्हते. तेव्हा मी मंगळवारी सकाळी शाळेत रजा टाकली, त्याच्या फाटकाशी गाडी लावली आणि म्हटले, "वहिनी, चल. मी आहे, म्हणजे तू एकटी नाहीस." दादा कचेरीत होता.

पाचगावच्या पुढच्या चढावर गाडीने जीव सोडला. बंद पडली नाही, पण ओढेना. वाडीकडचा एक ट्रकवाला थांबला. "संग कोनी मानूस नाही का बाई?" त्याने विचारले. नाही म्हटल्यावर बॉनेटमध्ये डोकावून म्हणाला, "पेट्रोलमधी कचरा असन," आणि गेला. या विषयावर पुरुषांत एकमत आहे, एवढे मला कळले.

वहिनी म्हणाली, "वन्स, आई वाट पाहून राहिली असन."

मी तिला ड्रायव्हरच्या जागेवर बसवले. ती त्याआधी पुढच्या सीटवरही कधी बसली नव्हती. ॲक्सिलरेटर किती दाबून धरायचा ते दाखवले आणि म्हटले, "मी एकेक वायर काढते. इंजनाचा आवाज पडला की सांग. रडायचं असेल तर रड, पण पाय हलवू नकोस." तिने दोन्ही नीट केले.

कोरड्या फडक्याने पहिली वायर काढली. "पडला." परत लावली. दुसरी. "पडला." तिसरी.

"वन्स, याच्यानं काहीच फरक नाही पडला."

म्हणजे तिसरे सिलिंडर आधीच मेलेले होते. इंजन बंद करून तिसऱ्याचा प्लग पहिल्यात टाकला, पहिल्याचा तिसऱ्यात. तरी तिसरेच मेलेले. प्लग निर्दोष. मग वायरींची अदलाबदल केली. तरी तिसरेच. वायरही निर्दोष. आता उरली डिस्ट्रिब्युटरची टोपी, जिच्यातून ठिणगी चारही वायरींत वाटली जाते. ती काढून उन्हात धरली. आत केसासारखी भेग होती आणि भेगेत काळी रेघ. गरम झाली की भेग उघडत असे आणि तिसऱ्याची ठिणगी त्या वाटेने भलतीकडे जात असे. वहिनी म्हणाली, "एवढीशीच? एवढ्याशासाठी दोन वर्षं?"

तिच्याच केसांतल्या आकड्याने ती काळी रेघ खरवडून काढली, पेट्रोलने पुसली. भेग बुजवायला विजेला अडवणारे काहीतरी हवे होते. मी सातवीला शिकवत असे की मेणातून वीज जात नाही. वहिनीच्या पिशवीत कुंकवाचा करंडा होता आणि त्यात कुंकवाखाली लावायचे मेण. तिने स्वतः बोटाने भरले.

गाडी चढ चढली.

अंजनाबाईंनी लेकीला ओळखले. विचारले, "कोनं आनलं वं तुले?"

"वन्सनं."

"अन् जावाई?"

"रविवारी येणार हायेत."

"कोन्त्या रविवारी?" म्हातारीने विचारले. मग मला म्हणाली, "मास्तरीनबाई, हिलेबी शिकवा गाडी."

शुक्रवारी त्या गेल्या. वहिनी उशाशी होती. दादा रविवारी आला, बसने. मेणाची हकीकत ऐकून म्हणाला, "मेणानं काय होतं? कचरा आपोआप निघाला असेल." त्यानंतर मी मुंबईहून नवी टोपी मागवली, तीच अजून आहे. वहिनीला कस्तुरचंद पार्कच्या मैदानावर शिकवले. लायसन पहिल्या खेपेस मिळाले. दादाने पुढे स्वतःची गाडी घेतली, पण ती तिच्या हाती दिली नाही; म्हणाला, "घरात एक चालवणारा आहे ना!" तेव्हापासून वहिनी फक्त माझी गाडी चालवते, आणि माझ्याहून चांगली चालवते.

कलम २. माझे स्पॅनर, प्लग साफ करायचा ब्रश व इतर हत्यारेही वहिनीला. सूचना: एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

भेगाळलेली जुनी टोपी शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावी.

कलम ३. दादाने वेळोवेळी काढून टाकलेले सगळे प्लग मी डब्यात जपून ठेवले आहेत. ते दादाला. एकही खराब नाही. वडिलांचे मनगटी घड्याळही त्यालाच, कारण वडिलांचे त्याच्यावर प्रेम होते, आणि माझेही आहे. घड्याळ चालते. उघडू नये.

कलम ४. बँकेतील शिल्लक आधी माझ्या दवाखान्याच्या खर्चाला. काही उरल्यास वहिनीला पेट्रोलसाठी.

कलम ५. दादाच्या आवारात या गाडीला जागा नाही, असे त्याने मला चहा पिताना दोनदा सांगितले आहे. गाडी उघड्यावर ठेवणे योग्य नाही, टोपीत ओल धरते. सबब, गाडी उभी करण्याची सोय म्हणून माझे रामनगर येथील स्वकष्टार्जित घर, आवार व पत्र्याच्या शेडसह, सौ. सुभद्रा हिच्या एकटीच्या मालकीचे होईल. घरात दोन खोल्या, स्वयंपाकघर व न्हाणीघर असून दाराला आतून कडी आहे. गाडीला एवढी जागा लागत नाही. उरलेल्या जागेचे काय करायचे, ते तिचे तिने ठरवावे.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. खाडाखोड नाही. दोन्ही साक्षीदारांदेखत सही करत आहे. त्यांना यातून काहीही मिळणार नाही, हे त्यांना सांगितले आहे.

(सही) लतिका शरच्चंद्र पिंपळखुटे

साक्षीदार:
१. (सही) प्रेमिला देवराव मेश्राम, शिक्षिका
२. (सही) वसंत गोपाळराव मुळमुळे, शेजारी

नागपूर, दि. ९ फेब्रुवारी १९८३