नागपूरची सनद

१२ नोव्हेंबर १९३४, हिंगोली

सनद चालत नाही म्हणाले.

इथल्या कापसाच्या जिनचे मॅनेजर किसनसिंग. त्यांनी कागद उजेडाला धरला, मागून-पुढून बघितला आणि परत माझ्या हातात दिला. "सोनाजी, ही नागपूरची. इंग्रजी मुलखातली. हितं निजाम सरकारचा शिक्का पायजे." मी म्हणालो, वाशिमच्या जिनमध्ये दहा वर्षं याच कागदावर बॉयलर चालवला. ते जिन बंद पडलं म्हणून इकडं आलो. बॉयलर इथं तोच, वाफ तीच.

"वाफ तीच हाय. कागद तो न्हाई," ते म्हणाले.

वऱ्हाड मुळात निजामाचंच, इंग्रजांनी चालवायला घेतलेलं, असं शाळेत शिकलो होतो. ते तोंडावर आलं होतं. गिळलं.

फायरमनची जागा रिकामी आहे. म्हणजे भट्टीत लाकूड टाकायचं. हो म्हणालो. बायको गोजर आणि दोन्ही पोरी सासऱ्यांच्या दारात, पुसेगावला बसल्यात. नाही म्हणायची सोय नव्हती.

१५ नोव्हेंबर

बॉयलर ज्यांच्या नावावर आहे ते खाजा मिया. साठीचे. दाढी पांढरी, बोलणं मऊ. त्यांची सनद बॉयलरखोलीच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत टांगलेली. उर्दूत. मला तिच्यातलं एक अक्षर कळलं नाही.

माझी हकिगत ऐकून म्हणाले, "अर्ज करो. हैदराबादवाले तुम्हारी सनद मान बी लेते. मैं लिख देता." दुपारच्या सुट्टीत लिहिला. कागद अगदी नाकाला लावून लिहितात. म्हणाले, अस्सल सनद जोडावी लागते, आणि पोस्टात मीच टाकतो, पोस्टमास्तर ओळखीचा आहे.

सनद हातातून सोडताना जरा जड गेलं. पण दिली.

३० डिसेंबर

उत्तर नाही.

९ जानेवारी १९३५

आज कळलं. खाजा मियांना दिसत नाही.

बॉयलरला पाणी किती आहे ते पुढच्या काचेच्या नळीत दिसतं. सगळा जीव त्या नळीत. सकाळी मी विचारलं, "चाचा, पाणी अर्ध्याखाली गेलं, पंप लावू?" त्यांनी नळीवर बोट ठेवून बघितल्यासारखं केलं. बोट भलतीकडंच होतं. मी पंप लावला. तेच म्हणाले, "मोतीबिंदू है. दोनों आँख में. किसीकू बोलना नक्को, सोनाजी."

बोलणार नाही म्हणालो. मग मी एक मागितलं – मला उर्दू शिकवा.

आजपासून असं ठरलंय: मी काच बघतो, वाफेचा काटा बघतो, हळूच आकडा सांगतो. ते मोठ्यानं हुकूम देतात. दुपारी कोळशानं फरशीवर अलिफ, बे, पे.

२२ मार्च

हंगाम संपत आला. दुसरा अर्ज दिला, खाजा मियांच्याच हातानं. अक्षरं जोडून वाचता येतात. पोस्टाच्या पाटीवरचं 'हिंगोली' आज वाचलं. तिथंच उभं राहून पुन्हा वाचलं.

१८ जुलै, पुसेगाव

जिन बंद. सासऱ्यांच्या शेतात निंदण-खुरपण करून राहिलोय. आज जेवताना सासरे ग्यानबा बोलले. रागानं नाही, पण बोलले. "जावईबापू, वाशिमला परत जा की. तिकडं तुमाला मान व्हता. हितं भट्टीत लाकडं टाकायला काहून ऱ्हायले?"

मी म्हणालो, वाशिमचं जिन आता उघडत नाही. आणि माझी सनद हैदराबादला अडकलीय. कागदाशिवाय तिकडंही मी कोणीच नाही.

गोजर भाकरी थापत होती. तिकडूनच म्हणाली, "आण्णा, त्यायनं एकदा धरलं की सोडत न्हाईत. उगं इचारू नका."

१४ नोव्हेंबर

भोंगा वाजला. दुसरा हंगाम सुरू. गोजर-पोरी आता हिंगोलीत माझ्याजवळ. तिसरा अर्ज दिला.

५ डिसेंबर

उत्तर नाही. खाजा मिया म्हणतात, सब्र करो. उर्दूची तिसरी किताब सुरू केली.

११ फेब्रुवारी १९३६

पाय भाजलाय, धड बसवत नाही. तरी लिहितो.

सकाळी किसनसिंगनी मला सरकी काढायच्या रेच्यांकडं धाडलं, एक पट्टा सुटला होता. अर्धा-पाऊण तास गेला असेल. परत आलो तर काचेत पाण्याची रेघ नाही. खाजा मिया म्हणाले, "काच भरेली है, बहुत पानी है. मैं पंप बंद किया."

रिकामी काच आणि काठोकाठ भरलेली काच सारखीच दिसते. चांगल्या डोळ्यालाही. मी खालची तोटी उघडली. पाणी आलं नाही, नुसती वाफ.

बॉयलर आतून तापून कोरडा होत आला होता. अशा वेळी गार पाणी सोडलं तर फुटतो. भिंतीपलीकडं पन्नास बाया कापूस निवडत होत्या. मी "बाहेर व्हा" म्हणून ओरडलो आणि फावड्यानं भट्टीतला जाळ ओढून बाहेर काढायला लागलो. पायावर निखारे पडले. खाजा मिया विचारत होते, "क्या हुआ, क्या हुआ," पण जागचे हलले नाहीत. हलायचं कुठं ते दिसलं नसेल.

जिन थांबलं. किसनसिंग धावत आले. "कुणाच्या हुकमानं आग काढली?"

माझ्या, म्हणालो.

"तुज्याजवळ सनद हाय का हुकूम द्यायला?"

मी खाजा मियांकडं बघितलं. ते मान खाली घालून उभे होते.

१३ फेब्रुवारी

रहमतबी आल्या. खाजा मियांची बायको. आमच्या घरी पहिल्यांदाच. गोजरनं पाट दिला, त्या बसल्या नाहीत. पदराखालून एक फडक्याचं बोचकं काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

तीन पाकिटं. तिन्ही माझे अर्ज. पहिल्यात माझी नागपूरची सनद, घडीही मोडलेली नाही.

"पेटी में रख्खे थे," रहमतबी म्हणाल्या. "परसों तुम नै होते तो मेरा आदमी मरता, और गाँव की बायां बी मरती. मेरे पेट में ये बात अब रहती नै."

त्या गेल्यावर मी बसून पाकिटांवरचे पत्ते वाचत राहिलो. आता वाचता येतात. पत्ता बरोबर होता.

गोजर म्हणाली, "जाऊन इचारा." मग म्हणाली, "पर हात उचलू नका. म्हातारं माणूस हाय."

१४ फेब्रुवारी

सुट्टीत त्यांना बॉयलरखोलीच्या मागं नेलं. पाकिटं त्यांच्या हातात दिली. हाताला लागताच ओळखली.

मग म्हणाले, "तुम आये ना, उसीच दिन समझ गया. ये आदमी काम जानता. इसकू सनद मिली तो शेठ मेरेकु दुसरे दिन निकालता. मैं कहाँ जाऊँ? अंधे को कौन रखता?"

"मग उर्दू कायकु शिकवलं?"

"वो मेरेकु अच्छा लगता था," म्हणाले. "तुम जल्दी सीखते."

मला शिव्या द्यायच्या होत्या. रात्रभर जुळवून ठेवल्या होत्या. एकही आली नाही. आत भोंगा वाजला. पाळी सुरू झाली, आणि काच बघायला मीच हवा होतो. गेलो. दिवसभर आकडे सांगितले.

१६ फेब्रुवारी

अर्ज मी स्वतः लिहिला. उर्दूत. माझ्या हातानं. चार कागद फाडले, पाचवा ठीक झाला. अक्षर लेकराचं दिसतं, दिसू दे. सनदेची नक्कल जोडली, अस्सल पेटीत ठेवली. पोस्टात मी स्वतः टाकला आणि पावती मागून घेतली.

२७ एप्रिल

उत्तर आलं! सव्वादोन महिन्यांनी, पण आलं.

नवा नियम: बाहेरच्या मुलखातल्या सनदवाल्यानं हैदराबादला परीक्षा द्यायची, तोंडी, उर्दूतून. शिवाय इथल्या सनदवाल्या माणसाच्या हाताखाली दोन हंगाम काम केल्याचा दाखला, त्याच्या सहीनं.

त्याच्या म्हणजे खाजा मियांच्या.

२८ एप्रिल

दाखला लिहून त्यांच्यापुढं धरला. वाचून दाखवला. म्हणालो, सही केली तर मी परीक्षेला बसतो. नाही केली तर दुसऱ्या जिनमध्ये जाऊन दुसऱ्या सनदवाल्याकडं पुन्हा दोन हंगाम लाकडं टाकीन. पण बसणार हे नक्की.

त्यांनी दौत मागितली. सही कुठं करायची ते दिसेना. मी त्यांचं बोट धरून जागेवर ठेवलं. सही वाकडी आली, पण पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.

३ ऑक्टोबर

परीक्षेची तारीख आली. ९ डिसेंबर. रोज संध्याकाळी खाजा मिया घरी येतात, प्रश्न विचारतात, मी उत्तरं देतो. मी बोलावलं नव्हतं. रहमतबी हाताला धरून आणून सोडतात. गोजर चहा ठेवते, पण त्यांच्याशी बोलत नाही.

१० डिसेंबर, हैदराबाद

काल परीक्षा झाली. तीन साहेब. अर्धा तास. काय विचारलं ते सगळं लिहीत नाही. एका ठिकाणी झडपेचा शब्द आठवेना, तर हातानं फिरवून दाखवलं. मधले साहेब म्हणाले, "ज़बान अटकती है, हाथ नहीं अटकता." बाकी दोघं हसले. मला हसू आलं नाही, घाम आला.

पण लिहायचंय ते हे.

बाहेर कारकून माझे कागद लावत होता. नागपूरची सनद बघून थांबला. म्हणाला, "बेरार की है? गये बरस तक तो ऐसी सनद देखकर यहीं ठप्पा मार देते थे. इम्तिहान की ज़रूरतच नहीं थी. तुम हिंगोली में चौंतीस से हो. उसी वक़्त अर्ज क्यों नहीं किया?"

पहिला अर्ज पोचला असता तर त्याच महिन्यात काम झालं असतं. दोन वर्षं लाकडं. पायावर निखाऱ्याचे डाग. गोजरचे दागिने नाही गेले, पण माहेरी मान गेला.

"तेव्हा लिहिता येत नव्हतं," म्हणालो.

हे गोजरला सांगणार नाही. खाजा मियांना तर नाहीच. फक्त इथं.

२१ जानेवारी १९३७, हिंगोली

पास. सनद आली. निजाम सरकारचा शिक्का, त्याखाली माझं नाव. मी मोठ्यानं वाचलं. पोरींनी पुन्हा वाचायला लावलं.

गोजरनं सनद पदरानं पुसली, तिच्यावर काही नसताना.

२३ जानेवारी

जिनचे मालक हरिचंदशेठ स्वतः बॉयलरखोलीत आले. "एक तारखेपासून बॉयलर सोनाजीच्या नावावर. खाजा मियाला मोकळं करा." खाजा मिया तिथंच उभे होते, तरी त्यांना न सांगता मला सांगितलं.

शेठ गेल्यावर ते भिंतीवरची आपली चौकट काढायला लागले. हात चाचपडत होता, खिळा सापडेना. मी काढून दिली. काखेत घेतली आणि म्हणाले, "चलो, अच्छा हुआ. काम जाननेवाले के हाथ में गया."

संध्याकाळी परीक्षेच्या प्रश्नांसाठी येण्याचं काही कारण उरलं नव्हतं. तरी मी वाट बघितली. आले नाहीत.

२६ फेब्रुवारी

सगळं माझ्या नावावर चालतं. बॉयलर ठीक. किसनसिंग आता हुकूम विचारतात.

जेवताना गोजर एकाएकी म्हणाली, "रहमतबी बाजारात भेटली. म्हातारं दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसतं म्हनं." मग ताटाकडं बघत म्हणाली, "हैदराबादला डोळ्याचा दवाखाना हाय ना?"

२ मार्च

बॉयलर धुवायला आठ दिवस बंद, तेवढी रजा. खाजा मियांना घेऊन गाडीत बसलोय, मोतीबिंदू काढायला. निघताना शेठ म्हणाले, "येडा का तू? त्याला दिसाय लागलं तर सनदवाले दोन आन् जागा एक. तुजी जागा जाईल." म्हणालो, "जाऊ द्या, शेठजी. मला आता कुठंबी मिळते."