फळ्यावरून पुसलेला शब्द

बुधवार, ता. ९

प्रिय धाकटीस,

आशीर्वाद. तू साठीची झालीस म्हणून ते बंद होत नाहीत.

आधी कामाचे. शेजारच्या शिंप्याला आपले दुकान हवे आहे. मधली भिंत पाडून त्याला आणखी दोन मशीन बसवायची आहेत. महिनाअखेर उत्तर देते, असे मी सांगितले आहे.

माझी प्रकृती उत्तम. गुडघा कुरकुरतो, मी त्याला दाद देत नाही. वह्यांचे गठ्ठे मात्र आता खालीच असतात. येणारा प्रत्येकजण त्यांना ठेचकाळतो आणि माझ्याकडे बघतो.

दारातला फळा चालू आहे. पूर्वीसारखाच रोज एक इंग्रजी शब्द, दुकानदारीतला, आणि खाली त्याचे मूळ. सोमवारी ‘शॉप’ लिहिला: मुळात आडोशाला उभारलेले छप्पर, टपरीच म्हण. काल ‘रिटेल’: कापून तुकडे करणे. आज ‘स्टेशनर’: फिरत्या विक्रेत्यांच्या काळात जो एका जागी ठाण मांडून बसे, तो. पेन्शनर मास्तर वाचून आत आले.

“बाई, हे तर तुमचंच वर्णन झालं!”

“पेन्सिल हवीय का? नसेल तर दार अडवू नका.”

गेले बिचारे. मग दुपारपर्यंत कोणी फिरकले नाही. उगाच घालवले त्यांना.

तू त्यांना स्टूल दिले असतेस. लोक तुझ्याशी गप्पा मारायला येत आणि जाताना लाजेकाजेस्तव एक खोडरबर घेत. त्या मास्तरांच्या घरी नऊ खोडरबर असतील. माझ्याकडे लोक लागेल तेवढेच घेतात. दिवसभरात मी “रेघी की कोरी?” एवढेच बोलते. काल दुकानात कोणी नसताना तेच मोठ्याने म्हणून पाहिले. आवाज आहे अजून.

आता ‘कस्टमर’. तो शब्द मी तीन वर्षांत फळ्यावर लिहिलेला नाही.

त्या सकाळी तू लिहिले होतेस: कस्टम म्हणजे सवय, सवयीने येतो तो कस्टमर. मी सगळ्यांदेखत पुसले. कस्टम म्हणजे जकात, असे ठणकावले आणि वर म्हटले, “कॉलेजची पायरी न चढलेल्यांनी फळ्याला हात लावू नये.” मास्तर होते, शिंपी होता. तू डस्टर माझ्या हातून घेऊन जागेवर ठेवलेस आणि दुसऱ्या दिवशी लेकीकडे निघून गेलीस.

तू कॉलेजला का गेली नाहीस, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. वडील गेले तेव्हा गल्ल्यावर कोणीतरी बसायला हवे होते. तू बसलीस, म्हणून माझी शेवटची दोन वर्षे पुरी झाली.

त्याच दुपारी मी जाडा शब्दकोश उघडला. तुझेच बरोबर होते. जकातीचा अर्थसुद्धा त्या सवयीतूनच निघालेला: जे देणे रूढ झाले, ती जकात. तू तेव्हा वर बॅग भरत होतीस. जिना अकरा पायऱ्यांचा. मी चढले नाही. तेव्हा गुडघा ठणठणीत होता.

उद्या फळ्यावर ‘कस्टमर’ लिहीन, तुझ्या अर्थासकट. खाली लिहीन: धाकटीचे बरोबर होते, माझे चुकले. मास्तरांना आणि शिंप्याला बोलावून वाचायला लावीन. तू आलीस किंवा नाही आलीस, तरी हे होणार.

शिंप्याला काय सांगू, ते मात्र तू कळव. तू येणार असशील तर दुकान राहील. नसशील तर देऊन टाकते. एकटीने मला ते नको आहे. हे वाक्य तीनदा खोडले, चौथ्यांदा राहू दिले.

तुला अकरा पायऱ्या चढून थांबवायला हवे होते, ती
तुझी ताई