बाजाराच्या दिवशीची सोनोग्राफी

आई, ज्या दवाखान्यात तू पेशंटांचा वरण-भात शिजवायचीस, त्याच दवाखान्यात मी आता सोनोग्राफी करते. तुझ्या स्वयंपाकघरात औषधांची खोकी ठेवतात. चुलीमागचा धुराचा काळा पट्टा मात्र किती वेळा चुना मारला तरी वर येतोच. मेंदूच्या मलेरियाने तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते, त्यामुळे मी डॉक्टर झालेली तू पाहिलीच नाहीस. शिकून मी नागपुरात एका मोठ्या सेंटरमध्ये लागले, चांगली रुळलेही. मग कळलं, केशोरीकडच्या आपल्या दवाखान्यात सोनोग्राफीचं मशीन आलंय, पण ते चालवायला डॉक्टर नाही, म्हणून कापडाखाली झाकून ठेवलंय. तपासणीसाठी बायांना थेट गोंदियाला जावं लागतं. मी राजीनामा दिला, तेव्हा सोबतचे डॉक्टर म्हणाले, तिथं वर्षभरही टिकणार नाहीस. मी म्हटलं, बघू.

तुझं एक बोलणं मी कधीच विसरले नाही. मी पाचवीत असेन. शाळा सुटली की तुझ्या चुलीपाशी बसून अभ्यास करायचा, असं आपलं ठरलेलं. त्या दिवशी जंगलाकडच्या गावातला एक म्हातारा छातीचा फोटो काढायला आला आहे. एक्स-रेच्या खोलीची चौकट त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवली आहे आणि तो ओरडतो आहे, "माह्या जीव वढून घेते ते! मी नाही जात." मी व्हरांड्यात उभी राहून खदाखदा हसते आहे. तू पदराला हात पुसत येतेस आणि माझ्या दंडाला धरतेस. "त्याले भेव लागून राह्यलं अन् तुले हासू येते? जाय, त्याच्याजवळ बस. तो आत जाईन तवाच तुले जेवन." मी रडत रडत जाऊन बसले. मग त्याने विचारलं, कोणाची पोरगी तू? मी तुझं नाव सांगितलं. तू वाढलेलं वरण आवडलं होतं, म्हणाला. आणखी थोडा वेळ गेला आणि तो आपणहून उठला, माझ्याकडे एकदा पाहून आत गेला. तू मला ताट वाढलंस.

यंदा धानाची रोवणी सुरू झाली त्या दिवसांतली गोष्ट. एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. सुनेला आठवा महिना, पहिलटकरीण, आणि आदल्या दिवशी थोडं रक्त गेलेलं. सासूच्या पायाला अजून बांधीतला चिखल होता. "लवकर पाहा बाई, रोवना खोळंबून राह्यला," म्हणाली. सून टेबलावर झोपली तीच डोळे मिटून. पोटाला थंड जेल लागलं तशी दचकली. पडद्यावर लेकरू छान हलत होतं, ठोके नीट होते, पण वार खाली सरकून गर्भपिशवीच्या तोंडावरच बसलेली होती. अशा बाईला घरी कळा सुरू झाल्या की लेकरू बाहेर यायच्या आत रक्त जाऊन तिचा जीव जातो. मी बाहेर येऊन सांगितलं, आत्ताच गोंदियाला न्यायला हवं, तिथं ऑपरेशन करून बाळ काढतील. सासू म्हणाली, "माहे पाच लेकरं घरीच झाले. तुमच्या टीवीत दिसलं म्हून पोरीले कापाचं का?" मी समजावलं. तिने मान हलवली. तिला पटलं असं मला वाटलं. ॲम्ब्युलन्स निघेपर्यंत दोघी मागच्या दाराने निघून गेल्या. शिपायाने पाहिलं होतं, त्या बाजाराकडून जाणाऱ्या एका ऑटोत बसल्या.

नोंदवहीत त्यांच्या गावाचं नाव पाहून मी ॲम्ब्युलन्समध्ये जाऊन बसले, सोबत नर्सला घेतलं. ड्रायव्हर म्हणाला, "म्याडम, उधर का रास्ता पूरा खराब है, गाडी फसेगी." फसली तर ढकलू, मी म्हटलं. खरंच फसली, आणि आम्ही ढकलली. पोहोचलो तेव्हा सून परसात भांडी घासत होती. आम्हाला बघून सासूने सूप आपटलं. "काऊन आल्या मांगं? पोलीस आनाचे होते सोबत!" नर्स बोलायला लागली, तिला मी खुणेनेच थांबवलं. सासूच्या शेजारी ओसरीवर बसले. तुझ्यामुळे एवढं मला कळतं, आई, की भ्यालेल्या माणसाजवळ आधी नुसतं बसावं लागतं. मग मी विचारलं, "गोंदियाचं भेव कशाचं वाटते तुम्हाला?" तेव्हा कुठं ती बोलली. तिची स्वतःची लेक बाळंतपणाला गोंदियालाच नेली होती, उशिरा नेली होती, आणि कापडात गुंडाळून परत आणली. आत काय झालं ते तिला कोणीच सांगितलं नाही. ती दाराबाहेर बसून राहिली होती. एकटी.

मी घरातलं धानाचं भरलेलं पोतं ओढलं आणि उंबऱ्यात आडवं टाकलं. म्हटलं, "लेकरू आतल्या खोलीत आहे असं समजा. दार हे एकच. पोतं दारात आडवं पडलंय, आणि याच पोत्यातलं खाऊन लेकरू वाढतंय. आता बाहेर पडायचं तर पोतं फाडूनच पडावं लागेल. ते फाटलं की सगळं सांडलं. म्हणून दुसरीकडून दार करायचं." मी पुढं म्हटलं, "मी सोबत येते. तिला आत नेतील तेव्हा मी तुमच्याजवळ बसेन. आत जे होईल ते तुम्हाला सांगेन, चांगलं असो की वाईट." सून राखेचे हात तसेच घेऊन पुढं आली. "आत्या, मी जातो," ती सासूला म्हणाली. "मले जगाचं हाये." मग सासू उठली आणि पिशवीत लुगडं भरायला लागली.

वाटेत रक्त सुरू झालं. नर्सने सलाईन लावलं, मी फोनवर फोन करून रक्ताची सोय करायला सांगितली. गोंदियाला पोहोचताच तिला सरळ आत नेलं. मी कबूल केल्याप्रमाणे बाहेर बाकावर बसले. सासूने माझं मनगट धरलं ते सोडेचना. मी मध्येच हात सोडवून घेऊन विचारून यायची आणि तिला सांगायची, आता भूल दिली, आता रक्त लावलं. शेवटी आतल्या बाईने लेकरू आणून दाखवलं. मुलगी. रंगाने तांबूस, आणि भयंकर चिडलेली. आईही वाचली. सासू नातीकडे बघून हसली नाही, रडलीही नाही. फक्त म्हणाली, "आवाज मोठा हाये इचा."

त्यानंतर मी गर्भवती बायांच्या सोनोग्राफीचा दिवस बदलून बाजाराच्या दिवशी ठेवला. वरच्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं, त्या दिवशी बाया गावाबाहेर पडतातच, त्यांना रोजी बुडवावी लागत नाही. आता त्या भाजीच्या पिशव्या घेऊनच येतात, आणि तुझ्या जुन्या व्हरांड्यात कोथिंबिरीचा वास भरून राहतो. सोबतच्या सासवांसाठी मी दाराशी बाक टाकलंय. प्रत्येकीला काय दिसलं ते बाहेर येऊन मीच सांगते. मध्यंतरी मला गोंदियात जागा देऊ केली. मी गेले तर मशीनवर पुन्हा कापड पडेल. मी नाही म्हणून कळवलं, आणि पुन्हा विचारलं तरी नाहीच म्हणणार आहे.

हे पत्र टाकायला पेटी नाही हे मलाही कळतं. कपाटात कपड्यांखाली ठेवीन. पण एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी गोंदियाला बाकावर बसलेलो असताना सासूने विचारलं होतं, "तुमची माय हाये का, बाई?" मी हो म्हटलं. घरी आहे, म्हटलं. तिने पुढं विचारलं, तब्येत बरी आहे ना तिची? त्यालाही मी हो म्हटलं.