रोज बरोबर तीस तक्रारी

२ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून हातानं काम बंद. पक्कं.
प्लांटमधी जे काय बिघडतं ते कंपनीच्या तक्रारींच्या साइटवर येतं. मशीन, पंखा, कॅन्टीनचा नळ, पगाराची स्लिप, सगळं. मी रोज एकेक तक्रार कॉपी करून एक्सेलात टाकतो, नऊच्या मीटिंगसाठी. आज २१४. बोटं आखडली. आमचे इंजिनिअर हिमांशू सर म्हणाले, अरे, साइटला एपीआय आहे, प्रोग्राम लिहिला की तक्रारी आपोआप येतात. दोन वर्षं कुणी बोललं नाय!
माझं स्वतःचं तिकीट, म्हणजे अर्ज, पण तिथंच हाय. नंबर ११८७, पर्मनंट करणेबाबत. काँट्रॅक्ट ३१ तारखेला संपतंय. प्रोग्राम बघितला की साहेब लोक नाय म्हणूच शकत नाय. मग किनवटहून आईला आणायचं. चितेगावात खोली बघून ठेवली. नळ आत हाय.

३ मार्च
व्हिडिओ बघितला. साधा प्रोग्राम जुना झाला म्हणे, आता फंक्शनल. त्याची लायब्ररी मिळते, म्हणजे दुसऱ्यानं लिहून ठेवलेला तयार कोड. लूप लिहायचं नाय, नुसता पाइप जोडायचा. एका तोंडानं तक्रारी आत, मधी चाळणी, दुसऱ्या तोंडानं रिपोर्ट बाहेर. शेतात ठिबक मी एकट्यानं जोडलंय. नववीपर्यंतच शिकलो म्हणून काय झालं.
हिमांशू सर म्हणाले, माऊली, आधी साधं लिही, मग नटव. इंजिनिअर लोकांना नवीन पटत नाय.

५ मार्च
एरर ४०१. म्हणजे साइट वळखच देत नाय. सरांनी मेसेजवर दिलेली चावी, म्हणजे साइटचा पासवर्ड, पंचवीस वेळा टाकली. चार तास. लायब्ररीच खराब असावी.
संध्याकाळी: चावीच्या शेवटी एक स्पेस पडली होती. ती सरांच्या मेसेजमधीच असणार.

६ मार्च
आज एरर नाय. तक्रारी पण नाय. नुसतं रिकामं.
या लायब्ररीचा हाच गुण. काही सापडलं नाय तर बोंबलत नाय, गुपचूप रिकामं हातात देते. माणसांनी शिकण्यासारखं हाय.

९ मार्च, सोमवार. ८.४०
चाललं!!! अकरा ओळी, एक सेकंद. तक्रारी: ३०.
सर म्हणाले, एवढ्याच? परवा तर दोनशे होत्या. मी म्हणालो, हातानं मोजताना डबल होत होत्या सर. मीटिंगमधी प्लांट मॅनेजर हसले म्हणे. त्यांना हसताना कुणी बघितलं नव्हतं.
नवा नियम: साइटचं पान हातानं उघडायचं नाय. तिथून येणारे मेल पण म्यूट. दिवसाला दोनशे मेल, डोकं खराब होतं.

१० मार्च
३०.

११ मार्च
३०. माझ्यामुळं प्लांटला शिस्त लागली.

१२ मार्च
साहेबराव काका प्रेस मशीनवरून उठून थेट माझ्या टेबलाशी आले. हात तेलानं काळे. माऊली, माझी तक्रार कुठं गेली रं? तीन आठवडे झाले, कुणी फिरकलं नाय. मी रिपोर्ट दाखवला. यादीत नाय म्हणजे झालं काम. काका म्हणाले, मशीन तर गळतंय. मी म्हणालो, सिस्टिममधी नाय गळत काका. ते म्हणाले, मग मी सिस्टिमवर जाऊन बसतो, तू ये प्रेसवर.
जुन्या लोकांना डिजिटल समजावणं लई अवघड.

१४ मार्च, शनिवार
चाळणीत माझं नाव टाकलं. रिकामी यादी. तीनदा चालवलं, तीनदा रिकामी. म्हणजे ११८७ निकाली! हरकत असती तर दिसली असती.
सुट्टी झाल्यावर थेट गुलमंडी. पर्मनंटच्या आयकार्डासाठी फोटो काढले, आठ कॉपी, निळं बॅकग्राउंड. टाय फोटोवाल्याचा. शर्टाच्या खिशात ठेवलेत, कधी मागतील सांगता येत नाय.

१९ मार्च, पाडवा
आईला फोनवर सांगून टाकलं. तिनं विचारलं, कागद आला का? मी म्हणालो, आता कागद नसतो, सिस्टिममधी होतं. ती म्हणाली, मग शेळी भामाबाईला देऊन टाकते, तिकडं कुठं बांधणार. मी म्हणालो, दे.

२३ मार्च
३०. लोक रोज नवीन तक्रारी टाकतात, तरी तीसच. म्हणजे जेवढ्या येतात तेवढ्याच मिटतात. कसला बॅलन्स!
सर म्हणाले, एकदा साइट उघडून ताळा कर रे. करीन.

२४ मार्च
एचआरच्या मनस्विनी मॅडमचा नंबर दोनदा वाजला. उचलला नाय. दुपारपर्यंत फोन घ्यायचा नाय, हा पण नियम हाय. काम असलं तर तिकीट टाकतील.

२५ मार्च
शेळी दिली म्हणे. आईनं खोलीचा पत्ता लिहून घेतला. खिशातले फोटो परत मोजले. आठ हायेत.
३०.

३० मार्च, सोमवार
प्रेस बंद पडली. पूर्ण लाइन उभी. प्लांट मॅनेजर हसले नाय.
हिमांशू सरांनी माझ्याच टेबलावर साइट हातानं उघडली. खाली बारीक अक्षरात: पान १, एकूण पानं ९. एका पानावर तीस. साइट मागितलं तेवढंच पान देते, दुसरं मागावं लागतं. सर ओरडले नाय. म्हणाले, माऊली, पुढचं पान कुणी मागायचं होतं? काकांची तक्रार चौथ्या पानावर.
लायब्ररीनं एका शब्दानं सांगितलं नाय मला.
चार वाजता एक ओळ वाढवली. सगळी पानं आली. २५३. प्रोग्राम एकदम बरोबर चालतोय, हे लिहून ठेवतो. माझं नाव चाळणीत टाकायचं होतं. कॉम्प्युटर बंद केला. उद्या.

३१ मार्च
सकाळी टाकलं. यादीत एक ओळ. ११८७. सातव्या पानावर.
मग पान हातानं उघडलं, साध्या माणसासारखं. खाली मनस्विनी मॅडमनी लिहिलेलं.
१० मार्च: मंजूर. दोन फोटो व आधारची झेरॉक्स २० तारखेपर्यंत जमा करावी.
१८ मार्च: स्मरण.
२४ मार्च: अर्जदार फोन उचलत नाहीत.
२७ मार्च: जागा दुसऱ्या अर्जदारास दिली.
मॅडमकडं गेलो. म्हणाल्या, अरे, मला वाटलं तुला दुसरीकडे नोकरी लागली. दोन फोटोच तर मागितले होते. मी खिशावर हात ठेवून उभा. काढले नाय.
आईचा फोन आला. गाडी कोणती धरू विचारत होती. मी म्हणालो, पुढच्या महिन्यात बघू, इकडं ऊन लई हाय. ती म्हणाली, शेळीचं काय मग? मी म्हणालो, रेंज नाय.
संध्याकाळी काँट्रॅक्टरचा माणूस आला. उद्यापासून लासूर स्टेशन, धान्याचं गोडाऊन, पोती उचलायची. गेटपाससाठी दोन फोटो लागतील म्हणाला.
दिले.