जुन्या फळीवर निळा रंग

शहापूर, ता. ३ नोव्हेंबर २०२५

चि. हर्षाली हीस अनंताकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा फोनवर तू तीनदा सगळं ठीक आहे म्हणालीस. पहिलं ठीक मी मानलं. दुसऱ्याला आवाज बसला होता. तिसऱ्यानंतर तू इथल्या थंडीची चौकशी केलीस, तेव्हा खात्रीच पटली. गिऱ्हाईक रंगाचा भाव सोडून हवापाण्यावर आलं की कुठंतरी अडलेलं असतं, हे दुकानदाराला कळतं. फोनवर खोटं बोलता येतं, कागदावर हात जड होतो. म्हणून हे पत्र.

पुण्याच्या त्या गेमच्या कंपनीत काय बिनसलंय ते लिही. तुझ्या बापाला सांगणार नाय. दादा होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, की माझी पोर जहाज बनवते. कसलं, ते त्यालाही ठाऊक नाय.

प्रेमाकाकू विचारते, की जेवण नीट मिळतं का. माया आहेच, उत्तर धाडून वाढव.

तुझा काका,
अनंता

पुणे, ता. ८ नोव्हेंबर

ती. अनंताकाका यांस हर्षालीचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या कानांपुढे हात टेकले. आमच्या गेममध्ये एक शिडाचं जहाज आहे, वीस वर्षं समुद्रात फिरलेलं. त्याचं लाकूड, शिडं, दोर कसे दिसावेत हे माझं काम. आधी मी ते स्वच्छ केलं. आमच्या टीमच्या प्रमुख दिपिका मॅडम म्हणाल्या, की हे आजच दुकानातून आणल्यासारखं वाटतं. मग शेवाळ, गंज, डाग, ठिगळं, सगळं चढवलं. तर म्हणाल्या, आता यात माणसं नाही, भुतं राहत असतील. महिनाअखेरीस जहाज पसंत पडलं तर नोकरी कायम, नाही तर सामान बांधायचं. बाबांना कुठल्या तोंडानं सांगू?

एक कराल? बाबांच्या होडीचे फोटो पाठवा. माझ्या जन्माआधीपासून ती धरणाच्या पाण्यात आहे. जशी आहे तशी हवी, डागांसकट.

काकूंना सांगा, की जेवण मिळतं, चव मिळत नाही. तुमचा लोभ नेहमीसारखाच भरघोस राहू द्या.

आपली,
हर्षाली

शहापूर, ता. १६ नोव्हेंबर

चि. हर्षालीस आशीर्वाद.

फोटो सोबत घातले आहेत. मोठे काढलेत, मॅडमनाही दाखव. जशी आहे तशी पाठवा, असं तू लिहिलंस. तो तुझा भिडस्तपणा. बापाची होडी दहा जणांपुढं मळकी दाखवायची? मी काय मेलो होतो? दुकानातला चांगला निळा ऑइलपेंट काढला, काठाला पांढरी पट्टी ओढली. आधी खरवडून घेतली, प्रत्येक फळी बोटानं ठोकून ऐकली. सगळ्या भरीव वाजल्या.

रंग सुकेपर्यंत होडी काठावर. पलीकडच्या पाड्यावरच्या सकुबाईला बाजाराला जायला डोंगराचा वळसा पडला. होडीचं लगीन हाय काय रे, असं तिनं मला सगळ्यांदेखत विचारलं. दादा धुतलेला सदरा घालून शेजारी उभा आहे. हसत नाय, पण ते फोटोपुरतंच.

मला तर मौज वाटते. मी कसाऱ्याला ट्रकचा जुना रंग खरवडण्यापासून सुरुवात केली. जुनं ते नवं दिसावं यातच माझा जन्म गेला, आणि तुला नवं ते जुनं दिसावं म्हणून पगार मिळतो!

काकावर भरवसा ठेव, पोटभर जेव.

अनंता

पुणे, ता. २२ नोव्हेंबर

ती. काका, शि. सा. न. वि. वि.

लिफाफा उघडला, फोटो बघितले. ज्या डागांसाठी फोटो मागवले, तेच तुम्ही खरवडून टाकलेत! रागानं चार ओळी लिहिल्या, फाडल्या. फोटो उलटे ठेवले. दुपारी डबा खाताना बाबांना बघावंसं वाटलं, म्हणून एक सरळ केला.

तेव्हा दिसलं. रंग कोरा आहे, पण खालची फळी कोरी नाही. बाबा बसतात तिथे ती खोलगट झालीय. वल्हं घासून काठाला खाच पडलीय. सकुबाई चढताना पाय देते ती कड गोल झालीय. वर तुमचा निळा चकाकतोय, तरी इतक्या वर्षांचं वावरणं लपत नाही. मी जुनेपण मळात शोधत बसले होते.

जहाजावरचं शेवाळ, गंज उतरवला. पाण्याच्या रेषेवर मिठाचा पांढरेपणा तेवढा ठेवला. आधी माणसं वावरतात तिथलं लाकूड झिजवलं, मग खलाशांनी निघण्याआधी हौसेनं रंगवावं तसा वर ताजा रंग दिला. तुमचाच निळा. मॅडम सोमवारी बघणार आहेत. ठीक नाही, हे या वेळी आपण होऊन लिहिते.

रागावले होते ते विसरा, माया विसरू नका.

आपली,
हर्षाली

शहापूर, ता. २६ नोव्हेंबर

चि. हर्षालीस खूप खूप आशीर्वाद.

पत्र काल पोचलं, फोन सोमवारीच. तू नुसतं काका म्हणालीस आणि मी तुझ्या काकूला पेढ्यांना पिटाळलं. नोकरी कायम झाल्याचं ते मागाहून ऐकलं. म्हणजे मी चुकलो म्हणून तुझं जमलं? असो. गिऱ्हाईक खूश, तर दुकानदाराची तक्रार नाय.

तू मोबाइलवर पाठवलेलं जहाज घेऊन धरणावर गेलो. दादानं शिडं बघितली, दोर बघितले. मग सुकाणूजवळच्या फळीवर बोट ठेवून म्हणाला, की हितं कोन तरी रोज बसतंय, त्याबिगर फळी अशी झिजत नाय. मी म्हटलं, तो तूच. उठून होडीत गेला, आपल्या जागेवरून हात फिरवला. पलीकडून सकुबाई हाका मारत होती, तरी उभाच. शेवटी बसला, नेहमीच्याच जागी, पण जरा ताठ.

माझा निळा मात्र त्याला दिसलाच नाय. पुढल्या वर्षी लाल देतो.

सुटी मिळेल तेव्हा ये. होडी काठावर आहे, आणि आम्हीही.

तुझा काका,
अनंता