पत्रकातली वांगी

४ मार्च

वांगं! मोठ्या डॉक्टरांनी आज बोलावून सांगितलं, वांग्यावर एक पान लिहा. रांगेत बसलेल्या रुग्णांना वाटायचं, भिंतीवर चिकटवायचं. आठ वर्षं या इस्पितळात आहारतज्ज्ञ आहे. मिठावर लिहिलं, साखरेवर लिहिलं, कोणी ढुंकून पाहिलं नाही. आता हे. कारण सरळ आहे – वॉर्डात वांगं जसं जातं तसंच ताटात परत येतं.

"तुम्हीच सांगा लोकांना, त्यात काय असतं ते."

आचारी मागून पुटपुटला, "पाणी असतं."

खोटं नाही बोलला. शंभरात ब्याण्णव भाग पाणीच.

६ मार्च

पहिला खर्डा दिला. शंभर ग्रॅममागे पंचवीस कॅलरी. तीन ग्रॅम तंतू – पोट भरल्यासारखं वाटतं, साफ राहतं, जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. जांभळा रंग सालीत असतो आणि त्या रंगातच शरीराला उपयोगी द्रव्यं असतात, म्हणून साल काढू नका. तळू नका, वांगं स्पंजासारखं तेल पितं. भाजा, वाफवा.

डॉक्टरांनी परत केला. "बरोबर आहे हो सगळं. पण जरा जीव ओता!"

७ मार्च

ओतला. शेवटी मोठ्या अक्षरांत – "रोज वांगं खा, कोलेस्टेरॉल पळवा!"

हे लिहिताना पेन थोडं अडखळलं. प्रयोग बहुतेक उंदरांवरचे. माणसांवरचे थोडे, आणि त्यांत फरक पडला न पडल्यासारखा. मला ठाऊक होतं. पण वाक्य काय ठसकेबाज झालं होतं! डॉक्टर हसले, म्हणाले, "आता कसं!" आणि मीही हसले.

१५ मार्च

दादाकडे गेले होते. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयाची नळी उघडून जाळी बसवली, तेव्हापासून रविवारी जातेच. मी काही सांगायला लागले की हा टेप गळ्यात टाकून मशीनवर बसणार – "तुझी पुराणातली वांगी पुराणात ठेव." पंचवीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस, धाकट्या बहिणीचं ऐकतो कशाला!

आज गंमतच. माझं पत्रक मशीनच्या समोर भिंतीवर! येणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवतो म्हणे. "हे माझ्या बहिणीने लिहिलंय. छापून आलंय."

वहिनींनी भाजलेलं वांगं वाढलं. दादाने दोनदा मागून घेतलं.  एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याने माझं ऐकलं.

२९ मार्च

दादा रोज वांगं खातो. वहिनी वैतागल्या आहेत. "वन्सं, आता तुमच्या भावाचा रंगही जांभळा होणार बघा!"

मी त्याच्या ताटातलं तेल बघितलं, मीठ चाखलं, पोळ्या मोजल्या. उत्तम! शाबासकी देऊन आले.

१२ एप्रिल

पुन्हा वांगं. दादाचं वजन दोन किलो कमी. खुशीत आहे मी.

२१ एप्रिल

सकाळी नऊला वहिनींचा फोन. दादाच्या छातीत कळ. आमच्याच इस्पितळात आणला. झटका लहान आहे, वेळेत आणलंत, म्हणाले हृदयाचे डॉक्टर. मग त्यांनी त्याला विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. "कोलेस्टेरॉलची बंद केली. हिच्या पत्रकात होतं की – वांगं खा, कोलेस्टेरॉल पळवा."

रागाने नाही म्हणाला. साधेपणाने म्हणाला. पलंगाशी तीन माणसं उभी होती. मला धरणी दुभंगावी असं वाटलं.

२२ एप्रिल

दिवसभर एकच वाक्य डोक्यात. माझं.

२३ एप्रिल

मोठ्या डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, पत्रकं काढून टाकते.

"अहो, गोळ्या बंद करा असं आपण कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलं. पण चालू ठेवा असंही नाही लिहिलं."

ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "काढा."

चारही मजले फिरले. चिकटपट्टी निघेना, नखं दुखली. औषधांच्या खिडकीशी एक बाई माझ्याच पत्रकाची घडी करून पर्समध्ये ठेवत होत्या.  विचारलं, "तुमच्या गोळ्या चालू आहेत ना?" त्या म्हणाल्या, "हो, का?" सगळं सांगितलं. शेजारच्या बाकावरचे आजोबाही कान देऊन ऐकत होते. हळूच म्हणाले, "मी एक दिवसाआड करणार होतो हो."

एक माणूस. मला कळलेला एक. न कळलेले किती?

२४ एप्रिल

आचाऱ्यावर उगाच खेकसले – वांग्यात तेल फार म्हणून. "वड्याचं तेल वांग्यावर काढताय ताई," तो म्हणाला. ते मात्र खरंच वांग्यावर! दोघेही हसलो. चार दिवसांनी हसले.

२६ एप्रिल

नवं पत्रक लिहिलं. वांग्यावरचा राग त्यात येऊ दिला नाही – त्या बिचाऱ्याने काय केलंय? पाणी, तंतू, कमी कॅलरी, सालीतला रंग, सगळं ठेवलं, कारण सगळं खरं आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी विचारा, हेही घातलं. आणि वरती, पहिल्याच ओळीत – "वांगं चांगलं अन्न आहे. औषध नाही. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका."

ठसका नाही. असू दे.

दादाला वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकलं त्याने. "बरं लिहिलंयस," एवढंच म्हणाला आणि कूस बदलली. अजून रागावलाय बहुतेक. रागवावंच.

३० एप्रिल

दादा घरी गेला. माझी जायची हिंमत झाली नाही.

३ मे

वहिनींनी बोलावून घेतलं. मशीनच्या खणात रिळांच्या मागे त्यांना औषधाची पाकिटं सापडली. चार. एकही फोडलेलं नाही. सगळ्यांत जुन्यावर दुकानाचा शिक्का – ९ जानेवारी. माझं पत्रक मार्चमधलं!

दादा खाली बघत म्हणाला, "ती गोळी घेतली की दंड भरून यायचे. कात्री धरवायची नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर दुकान बंद करायला लावलं असतं. तुझं पत्रक आलं, तेव्हा वाटलं, चला, निभेल आता. पलंगावर डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तेच तोंडात आलं."

गोळी बदलून मिळते. मला एका वाक्यात सांगता आलं असतं.

जानेवारीआधीही दर रविवारी मी त्याच्यासमोर बसून जेवले. तेव्हा डाव्या हाताने उजवा दंड दाबत जेवायचा म्हणे. मी ताट बघत होते.