पश्चिमेची भिंत

आबा, मला तुमचा राग आलाय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कसला राग, असं कुणीही म्हणेल. पण आलाय. तुम्ही भोर-वेल्ह्यात जन्मभर गवंडीकाम केलंत, मी पुण्यात बसून इमारतींचे नकाशे काढते, आणि भिंतीतलं जे मला यायला हवं होतं ते तुम्ही मला कधी शिकवलंच नाहीत.

कामथडीचा तो दिवस आठवतो. शाळेला सुट्टी होती, मी तुमचा डबा घेऊन आले होते. एका घराच्या ओट्याचा गिलावा चालला होता. तुम्ही हात धुवायला गेलात तेवढ्यात मी थापी उचलली आणि दोन-चार हात मारलेसुद्धा. बरे बसले होते. तुम्ही मागून येऊन थापी काढून घेतलीत. "हे तुजं काम न्हाई. हात खराब करायला शाळंत घातली व्हय तुला?" बिगारी बायका हसल्या. त्याच बायका दिवसभर मालाच्या पाट्या उचलत होत्या, त्यांचे हात खराब झालेले तुम्हाला चालत होते. वर मी मारलेला गिलावा तुम्ही खरवडून काढलात. तेवढा तरी ठेवायचा होतात.

मग मी शिकले. आता कंप्युटरवर इमारत उभी करते. बाहेरची भिंत कशाची ते त्याला सांगायचं, वीट, सिमेंटचा ठोकळा, नाहीतर दाबून केलेला मातीचा ठोकळा, की कुठली भिंत खोली थंड ठेवेल आणि कुठली बनवताना किती कोळसा जळेल, ते तो क्षणात मांडून दाखवतो. चांगली गोष्ट आहे, मी अजूनही तेच म्हणते. वेल्ह्याजवळच्या एका वाडीत अंगणवाडी बांधायची होती, तिथं मातीचा ठोकळा सरस ठरला. माती तिथलीच, भट्टी नाही, गिलावासुद्धा नको. मी खूश. फक्त त्यात भरलेलं हवामान पुण्याचं होतं. वेल्ह्याचं तयार मिळालं नाही, आणि भिंतीवर आडवा पाऊस किती येतो हा रकाना मी मोकळा सोडला. असं कितीसं लांब आहे वेल्हं! तोरण्याखाली पाऊस डोक्यावर कमी आणि तोंडावर जास्त येतो, हे मी सांगितल्याशिवाय त्याला कसं कळणार होतं?

मे संपता संपता भिंती उभ्या राहिल्या. मुख्य गवंडी त्याच वाडीतले एकजण, साठी उलटलेले. उद्घाटनाच्या सकाळी जाऊन पाहते तर पश्चिमेची अख्खी भिंत गवतानं झाकलेली. बांबूच्या कांब्या आडव्या लावून, खालपासून वरपर्यंत पेंढ्या बांधल्या होत्या, तिकडे पावसाळ्यात घरांना बांधतात तशा. गवंड्यांनी आणि पोरांच्या आयांनी मिळून दोन दिवस खपून केलेलं काम. काम देणाऱ्या संस्थेचे लोक फोटो काढायला येणार होते. माझं डोकंच फिरलं. "हा काय गोठा आहे? काढा सगळं." बायांनी पेंढ्या सोडायला घेतल्या. फोटो छान आले.

ऑगस्टमध्ये ती भिंत खालून विरघळायला लागली. ठोकळे बोटानं उकरले जात होते. एका सकाळी कोपरा आत ढासळला. पोरं अजून यायची होती म्हणून निभावलं. अंगणवाडी आता देवळात भरते.

संस्थेनं कारण विचारलं. मी लिहून दिलं, गवंडीकाम निकृष्ट. त्यांनी लगेच पुढच्या वाडीतल्या दोन खोल्यांच्या कामावरून त्या गवंड्यांना काढलं. परवा गवंड्यांचा फोन आला. "म्याडम, माजं काय चुकलं तेवढं सांगा. चाळीस वर्सं भिंती बांदतुय, कुणी नाव न्हाई ठिवलं. आता गावात इचारत्यात, काय सांगू?" मी मीटिंगमध्ये आहे म्हणाले. घरीच होते.

तेव्हापासून तुमच्यावर जळफळतेय. एकदा जरी मला भिंतीपाशी उभं करून, झड कुठून येते, कोपरा का भिजतो, हे सांगितलं असतंत तर ही वेळ आली नसती, असं दोन दिवस घोकतेय. पण ते खरं नाही, आबा. मला सांगितलं होतं. तुम्ही नाही, त्या गवंड्यांनी. बाया गवत सोडायला लागल्या तेव्हा ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "म्याडम, हितं झड लई लागती. फोटू काडा तुमी, पर मंग आमी परत बांदतु. चार म्हयनं ऱ्हाऊंद्या." मला कळलं होतं. चांगलं कळलं होतं. पण सगळे बघत होते, आणि एका गवंड्यानं मला भिंत शिकवावी हे मला खपलं नाही. मी म्हणाले, "कंप्युटरवर सगळं तपासलंय. काही होत नाही भिंतीला." त्यांनी मान डोलावली आणि स्वतःच्या हातानं उरलेल्या पेंढ्या सोडल्या.

खरं तर मी संस्थेला लिहायला बसले होते. चूक माझी, गवंड्यांची नाही, त्यांना कामावर परत घ्या, एवढंच लिहायचं होतं. तिथं लिहायचं ते सगळं तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही ते वाचणार नाही.